सहावं घर

भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मी फोनकडे बघत बसलो होतो, तेव्हा नेत्रावतीचा निरोप आला. दुपारचा एक वाजलेला. बीदरच्या आमच्या सर्वे ऑफिसात एक वाजता डबे उघडतात आणि प्रत्येक जण आपापल्या टेबलावर, आपापल्या फोनसमोर जेवतो. खोटं कशाला बोलू, ही रीत मीच पाडली. निरोप कानडीत होता, दोन ओळींचा. अक्का चार दिवस झाले मधुकरीला निघाल्या नाहीत. नुसत्या दुधावर आहेत, तुम्ही या. नेत्रावती म्हणजे गाणगापुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या खोलीखाली फुलांचं दुकान चालवणारी बाई. ती उगाच निरोप पाठवणाऱ्यांतली नव्हे. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी हातातला तुकडा खाली ठेवेल की नाही? मी काय केलं ते सांगतो. मी निरोप वाचला, आणि अंगठा आपोआप सरकून पुन्हा माझ्या पोस्टवर गेला, कारण तेवढ्या वेळात तिथं आणखी सात जणांनी बदाम टाकले होते. सात! ते बघून मला बरं वाटलं. बहीण उपाशी आहे हे कळल्यावर दहाव्या सेकंदाला मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं माझ्या ध्यानात आलं, आणि मग मात्र मी तो तुकडा डब्यात परत ठेवला.

आणि पोस्ट कुणावर होती? अक्कावरच. ‘अक्काची झोळी’ असं नाव दिलं होतं मी. माझी बहीण अनसूया कुलकर्णी, कमलनगरच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका, निवृत्त झाली आणि गाणगापूरला एका खोलीत जाऊन राहिली. पेन्शन शाळेतल्या मुलींच्या वह्यापुस्तकांना जाते. ती स्वतः रोज दुपारी खांद्याला झोळी लावून पाच घरी मधुकरी मागते आणि त्या झोळीत येईल तेच खाते. आता गाणगापुरात यात नवल काही नाही. साक्षात दत्तमहाराज दुपारी तिथं भिक्षेला फिरतात अशी आमची श्रद्धा, त्यामुळे वकील मागतो, डॉक्टरीण मागते, कुणी कुणाला हसत नाही. पण पुण्या-नाशकाच्या वाचकाला ते नवल. मागच्या श्रावणात मी गेलो होतो तेव्हा तिचा पाठमोरा फोटो काढला होता. मग ती वळली. वळलेलाही काढला. पंधरवड्यापूर्वी ते दोन्ही टाकले, खाली दीडेक पान मजकूर लिहिला आणि चहा प्यायला गेलो. परत येईतो माझं आयुष्य बदललं होतं. मी अतिशयोक्ती करतोय असं वाटेल, पण चोपन्न वर्षांच्या माणसाचं आयुष्य बदलायला फार काही लागत नाही. चाळीस हजार माणसांनी मला चांगलं म्हटलं.

चाळीस हजार कशाला, मला एकाचंच पुरलं असतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अक्का एकोणीस. अप्पा शेतीच्या कामात, मितभाषी. अक्कानं लग्न केलं नाही, नोकरी धरली, मला वाढवलं, आणि चौथीपासून सातवीपर्यंत वर्गात शिकवलंसुद्धा. घरी अक्का, शाळेत बाई. निबंधाच्या वह्या ती शनिवारी तपासून द्यायची, आणि ज्याला खरंच जमलंय त्याच्या वहीत तांबड्या शाईनं ‘छान’ लिहायची. चार वर्षांत मला तीनदा मिळालं. कधी मिळेल याचा काही नेमच नाही! जीव ओतून लिहिलं की नुसती बरोबरची खूण, आणि घाईत खरडलं की ‘छान’. शनिवारी वही हातात आली की पान उलटायच्या आधी माझ्या छातीत जे धडधडायचं, तेच हुबेहूब आता फोन उलटा करताना धडधडतं. मधली चाळीस वर्षं कुठं गेली कुणास ठाऊक. दिवसभर मी कानडीत टिपणं लिहितो, हद्दी, बांध, सर्वे नंबर. मराठी उरली ती घरापुरती, आणि घरात पोरगी इंग्रजीत बोलते. माझ्या आत मराठीत लिहिणारा एक इसम इतकी वर्षं वही धरून उभा होता आणि त्याची वही तपासायला कुणीच नव्हतं. मग एक दिवस हातात हे यंत्र आलं आणि शनिवार रोजचा झाला. मग तासाचा झाला. मग मिनिटाचा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहाटेची गाडी धरली. कलबुर्गीपर्यंत आगगाडी, पुढं बस. खिडकीतून तुरीची रानं जात होती आणि मी ठरवलं होतं की कलबुर्गी येईतो फोन बघायचा नाही. हुमनाबादला बघितला. मग म्हटलं आता एकदा बघितलाच आहे तर. चाळीस हजार चांगलं म्हणणाऱ्यांत मी वाचायचो ते एकाच माणसाचं: ‘अशा बहिणीला भीक मागायला एकटं सोडणारा भाऊ कसला?’ नाव ना फोटो, कुणीतरी उपटसुंभ. पण मी त्याचं ते वाक्य दिवसातून तीसदा वाचायचो आणि मग त्याची कडू चव तोंडातून जाईपर्यंत गोड गोड वाक्यं चघळायचो. ती गोडी पाच मिनिटं टिकायची. पुन्हा तो कडू, पुन्हा गोड. कर्म माझं! बायको म्हणाली होती, ‘अहो, त्याचं ते वाक्य पुसून टाका ना.’ मी तिच्यावर असा खेकसलो की पोरगी खोलीतून बाहेर आली.

अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा माणसं फोन धरून उभी होती, ते बघून मला सगळं कळलं. एक बाई दुसरीला सांगत होती, ‘हीच खिडकी, हीच.’ कुणाच्या हातात शाल, कुणाच्या हातात मिठाईचा डबा. नेत्रावती हार ओवता ओवता मान वर न करता म्हणाली, ‘रोज हेच चाललंय सर. झोळीत नारळ घालायलेत, मिठाई घालायलेत. पाया पडताना फोटो. एक घर मागून होईना झालंय अक्कांना.’ तिनं हे कुणी केलं असं विचारलं नाही. तिच्या फोनवरही ती पोस्ट गेलीच असणार.

अक्का खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती. पण मला बघून तोंडभर हसली, तिचं ते समोरच्या दोन दातांतल्या फटीचं हसू, आणि माझा जीव गलबलला. मी दारातच म्हणालो, ‘अक्का, माझं चुकलं.’

‘आधी पाय धू,’ ती म्हणाली. ‘चुकलं का न्हाई ते मग बघू. दाव मला, काय लिहिलायस ते.’

‘तू वाचलं नाहीस?’

‘माझ्याकडं कुठं हाय असला फोन? लोकं सांगायलेत, भावानं लई चांगलं लिहिलंय म्हणून. दाव की.’

मी फोन दिला. ती चष्मा लावून वाचायला लागली आणि मी, देवाशपथ सांगतो, दहा वर्षांचा झालो. तिनं शेवटपर्यंत वाचलं, चष्मा वर केला, आणि म्हणाली, ‘छान लिहिलायस.’ चौथं! एवढ्या वर्षांनी चौथं. आणि मी काय करावं? मी तिच्या हातातल्या फोनकडे वाकून बघितलं, तो आकडा एकानं वाढला का म्हणून. असा मी माणूस. तिचं ते ‘छान’ खोलीत नुसतं बोललं गेलं आणि विरलं, आणि मला ते मोजायचं कसं तेच कळेना.

फोन परत घ्यायला हात पुढं केला तर तिनं दिला नाही. ती खालचं वाचत होती, लोकांनी काय काय लिहिलंय ते. ‘ही बघ, ही लातूरची. म्हणायलीय, अशी बहीण सगळ्यांना मिळो.’ हसली. ‘हा कोण रे? ह्याला उत्तर कामून न्हाई दिलास?’ हा म्हणजे तो कडू माणूस. तिचाही हात नेमका त्याच्यावर थांबला. मग पुढं गेली. मग अजून पुढं. बोलणं कमी झालं. तिचा अंगठा, खडूनं भेगाळलेला तो अंगठा, पहिल्यांदा अडखळत होता, आता सराईत फिरायला लागला. मी एकदा ‘अक्का, पाणी देऊ?’ म्हणालो. ‘हं,’ ती म्हणाली. तो ‘हं’ मी ओळखला, तो माझ्याच घरचा होता. पाच दिवस दुधावर असलेली, एका नेमावर सहा वर्षं काढलेली माझी बहीण दीड तास त्या उजेडात वाकून बसली होती आणि मला भीती वाटली. माझ्यासाठी कधी वाटली नव्हती तेवढी वाटली.

खालून नेत्रावती ओरडली, ‘अक्का, बारा वाजून गेले!’

अक्का दचकली. फोन जमिनीवर पालथा ठेवला, दोन बोटांनी लांब सारला, आणि उठून मोरीत जाऊन खळाखळा तोंड धुतलं. आली तेव्हा चेहऱ्यावर पाणी तसंच होतं. ‘अगं बाई, काय रे हे,’ ती म्हणाली. ‘अजून एक, अजून एक असं व्हायलंय. पोट भरतच न्हाई.’ मग पदरानं तोंड पुसत: ‘तू रोज ह्यातच असतोस व्हय रे?’ तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी ताप आला की ती कपाळाला हात लावून विचारायची, तसा आवाज होता. मला रडू आलं आणि मी रडलो. लाज कसली, तिच्यासमोर पहिल्यांदा थोडंच रडत होतो.

‘पुसून टाकतो,’ मी म्हणालो.

‘मी पुस म्हणणार न्हाई. माझ्यासाठी पुसशील अन् महिन्याभरानं माझ्यावरच चिडशील. त्यापरीस ऊठ. माझं तोंड सगळ्यांना ठाऊक झालंय, तुझं न्हाई. आज माझी झोळी घेऊन तू जा.’ तिनं झोळी माझ्या खांद्याला लावली, पातळ पदार्थासाठी पितळेचं भांडं हातात दिलं. ‘पाच घरं. दारात तीनदा हाक, उघडलं न्हाई तर पुढं. काय पडलं ते झोळीत डोकावून बघायचं न्हाई. पाच झाली की माघारी. मी थांबते.’

भिडस्त सरकारी माणूस मी. पहिल्या दारात ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणताना कानाच्या पाळ्या तापल्या. एका बाईनं माझ्याकडं न बघता भाकरी टाकली. दुसरं दार तीन हाकांनी उघडलं नाही, आणि नवल बघा, पुढच्या अख्ख्या गल्लीभर ते बंद दारच माझ्या डोक्यात. का नसेल उघडलं? आवाज लहान पडला का? मागं जाऊन चौथी हाक मारावी असं इतकं वाटलं! तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्यानं मूठभर भात घातला. चौथ्या घरी ‘पुढं बघा’. आणि पाचव्या घरी एक तरुण सून बाहेर आली, तिनं तुपातला शिरा वाढला, वाकून नमस्कार केला आणि ‘महाराज’ म्हणाली. मला! झोळी जड झाली होती, भांडं भरलं होतं. माघारी वळायचं होतं. पण तो नमस्कार पायांत गेला. माझे पाय चालत राहिले आणि मी सहाव्या दारात उभा राहून हाक मारली तेव्हा मला ठाऊक होतं की हे सहावं आहे.

ते एक लॉज होतं. दार उघडणारा सोलापूरकडचा गृहस्थ माझ्याकडं बघत राहिला. ‘तुम्ही… संकर्षणराव ना? अक्काची झोळीवाले?’ झालं! खात्यावर माझा फोटो होताच. आतून त्याची बायको आली, मेहुणा आला. मला खुर्ची दिली. पेढ्यांचा डबा झोळीत गेला. झोळीसकट फोटो झाला, मग झोळी नीट दिसेना म्हणून दुसरा. त्यांनी मजकुरातली वाक्यं मला म्हणून दाखवली. फोनवर नव्हे, समोर, जिवंत तोंडांनी. काय सांगू तो आनंद! आणि त्याच आनंदात मी हेही बघितलं की त्याची बायको बोलताना थांबली की मी पुढच्या वाक्याची वाट बघतोय. पोट भरतच न्हाई. घड्याळ बघितलं तर पावणेतीन.

मी पळत आलो. अक्का ताटाशी बसली होती. ताट घासून पुसून मांडलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि ती मांडी घालून शांत. पाच दिवस उपाशी असलेली बाई. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं.

‘सहाव्या घरी गेलास.’

मी मान खाली घातली. तिनं झोळी घेतली, पेढ्यांचा डबा काढून बाजूला ठेवला, ‘नेत्रावतीच्या गाईला घाल,’ म्हणाली. भाकरी, भात, शिरा एकत्र कालवला आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. तुपाचा वास गेला, गोडी गेली. मग हात जोडून जेवायला लागली आणि जेवता जेवता, जणू भाजीचा भाव सांगावा तशी, सांगायला लागली.

‘पहिल्या वर्षी मी बी जायची रे. पलीकडल्या गल्लीत एका घरी “बाई आल्या, बाई आल्या” म्हणायचे. पोरं पाया पडायची. तिथं रोज जायला लागले. घरं झालेली असायची पाच, तरी पाय तिकडंच. मला वाटायचं मी भाकरीसाठी जायलेय. भाकरी तर झोळीत होती! एक दिवस त्यांच्या दाराला कुलूप होतं अन् मी घरी येऊन रडले. मुख्याध्यापिका मी, सगळं सोडून आले म्हणणारी. कुलूप बघून रडले. मागितलं की माणूस नम्र होतो म्हणतात, खोटं हाय. मिळालं की माज चढतो अन् न्हाई मिळालं की जीव जातो.’

‘मग काय केलंस?’

‘काय करायचंय? त्या दिवसापास्नं पाच खरंच मोजायला लागले. गल्ली रोज बदलायला लागले. पाणी घालायला लागले. मागणं सुटत न्हाई, संकू. कुणाचं सुटलंय? फक्त कुठं थांबायचं ते आधी ठरवून निघायचं. वाटेत ठरवता येत न्हाई.’

मी तिच्याकडं बघत बसलो. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या हुशार लोकांना माणसाच्या जिवातली जी ओढ सापडली, ती या बाईला एका कुलूपबंद दारासमोर सापडली होती. त्यांनी तिच्यातून सहावं, सातवं, साठावं घर काढलं, आणि माझ्या अक्कानं कुणालाही न सांगता आपल्या पायांना आळा घातला. शाळेत असताना मला वाटायचं अक्काला सगळं येतं. मधे वाटेनासं झालं होतं. त्या दुपारी पुन्हा वाटलं, आणि पूर्वीपेक्षा जास्त वाटलं, कारण आता मी तिला अंगठा फिरवताना बघितलं होतं.

ती ताट धुवायला उठली तेव्हा खिडकीत उभं राहून मी पोस्ट काढली. सव्वातीन वाजले होते. यंत्रानं नम्रपणे विचारलं, खरंच का? मग म्हणालं, तीस दिवस ही कचरापेटीत राहील, तोवर मन बदललं तर परत आणता येईल. किती दयाळू! हे तीस दिवसांचं मी अक्काला सांगितलं नाही. गल्लीतली माणसं आठवड्याभरात ओसरली. अक्का पुन्हा निघायला लागली असं नेत्रावतीनं कळवलं. पण रोज दुपारी मी कचरापेटी उघडून बघत होतो, आहे ना अजून, चाळीस हजार आहेत ना. हेही सांगायला हवं, नाहीतर मी सुधारलो असं कुणाला वाटायचं.

आज तिसावा दिवस. सकाळी बायकोला म्हणालो डबा देऊ नको, नुसता रिकामा दे. तिनं कपाळाला हात लावला, पण दिला. एक वाजता मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर बंद केला, आणि डब्याचं झाकण हातात घेऊन उठलो. पोस्ट परत आणायला सव्वातीनपर्यंत वेळ होता. मंजुश्री मॅडमच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, ‘थोडं वाढा.’ त्या फोनमधून मान वर करून बघतच राहिल्या. ‘काय झालं सर? डबा विसरलाव व्हय?’ व्हय म्हणालो. त्यांनी चपातीचा चतकोर दिला. बालाजीनं शेंगाची चटणी दिली आणि हसला. इंदिराबाईंनी दोन घास भात घातला. हेडक्लार्क ‘चेष्टा करायलाव का राव?’ म्हणून पुन्हा स्क्रीनमध्ये गेले. ते मला लागलं. लागलं तसंच घेऊन पुढं गेलो. पाचवा रेकॉर्डरूममधला अमृतप्पा. अकरा वर्षं मी त्याच्याकडून जुन्या कागदांचे बस्ते मागवतो, पण तो काय जेवतो ते मला माहीत नव्हतं. त्याचा फोन नव्हताच टेबलावर. त्यानं अर्धी भाकरी मोडून झाकणात ठेवली, वर झुणका घातला, आणि स्टूल पायानं पुढं सरकवलं.

‘बसा की सर,’ तो म्हणाला. ‘उभ्यानं काय खायलाव?’

पाच झाली होती. सहावं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं, माझंच. त्याच्या ड्रॉवरमध्ये चाळीस हजार माणसं मला चांगलं म्हणत होती आणि दोन तासांनी ती कायमची गप्प होणार होती. माझ्या पायांना ते ठाऊक होतं. पोटरीत ओढ लागली, अगदी त्या दुपारच्या गल्लीसारखी. मी झाकणातल्या सगळ्याचा एक काला केला, वर थोडं पाणी ओतलं, आणि अमृतप्पा आश्चर्यानं बघत असताना त्याच्या स्टुलावर जेवायला बसलो. जेवून झाल्यावर त्यानं त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि ते सांगता सांगता साडेतीन वाजले.